दुसरी गाडी

आमच्याकडे माणूस गेला की आधी शेजारणींचे जेवणाचे डबे येतात, मग विम्याचा माणूस येतो, आणि गेलेला माणूस पोलीस असेल तर सगळ्यात शेवटी आमदार येतो. माझ्या भावाच्या, लीलंडच्या, वेळी आमदाराला यायला जवळजवळ वर्ष लागलं. तोवर डबे ज्याचे त्याला धुऊन परत गेले होते.

आमदाराचं नाव मर्ल टॅगर्ट. मी आयुष्यभर शाळेची बस चालवली, आणि हा मर्ल पहिलीपासून माझ्या बसमध्ये बसायचा. मागच्या बाकावर बसून दुसऱ्या पोराला चिथवायचा आणि त्या पोराने काही केलं की खिडकीबाहेर बघत बसायचा. मोठा झाल्यावर माणसं बदलतात म्हणतात. काही बदलतही असतील.

लीलंड राज्याच्या हायवे पोलिसांत होता. आमच्या विभागात तीन काउंट्या, म्हणजे तीन जिल्हे, येतात. नुसती गव्हाची आणि बीटाची शेतं, आणि त्यांच्यामधून जाणारा सरळ रस्ता. एके काळी एवढ्या रस्त्याला पाच गाड्या होत्या. मग एक जण जास्त पगारावर शहराच्या पोलिसांत गेला, एक रेल्वेत गेला, एकाच्या बायकोला इथला वारा सोसेना. जागा रिकाम्या होत गेल्या आणि भरायला कोणी येईना. शेवटी लीलंड उरला आणि पार दुसऱ्या टोकाला राहणारा डेल ऑस्टगार्ड उरला.

फेब्रुवारीतली दुपार होती. रस्त्यावर बर्फाचा काचेसारखा थर होता आणि बीटाने भरलेला एक ट्रक आडवा झाला होता. अशा वेळी पोलिसांची रीत ठरलेली असते. एक गाडी ट्रकपाशी थांबते आणि दुसरी बरीच मागे, दिवे लावून उभी राहते, म्हणजे मागून येणाऱ्याला लांबूनच कळतं. लीलंडने दुसरी गाडी मागितली. डेल तेव्हा दोन काउंट्या पलीकडे होता. म्हणून लीलंड स्वतःच मागे चालत गेला आणि हातात धोक्याची लाल मशाल धरून रस्त्यात उभा राहिला. चढावरून एक पिकअप आला आणि त्याला थांबता आलं नाही. चालवणारा आमच्याच चर्चमधला, दारूच्या थेंबाला न शिवणारा माणूस. त्याच्यावर धड रागावताही येत नव्हतं, आणि मला तर कोणावर तरी रागवायचंच होतं.

तर पुढचा हिवाळा सुरू होताना मर्ल टॅगर्ट आला. माझी भावजय कॉरिन धान्याच्या एलिव्हेटरवर, म्हणजे गावच्या उंच कोठारावर, ट्रकांची वजनं करते. कामावरून येऊन तिने नुकतीच कॉफी ठेवली होती. मर्ल हॅट काढून टेबलाशी बसला आणि बोलू लागला. हायवे पोलिसांत नवं कोणी यायला तयार नाही, जुने टिकत नाहीत, अर्ध्या राज्याचे रस्ते मोकळे पडलेत. म्हणून त्याने एक विधेयक तयार केलं होतं. भरती होणाऱ्याला बोनस, टिकणाऱ्याला लवकर पेन्शन आणि असं बरंच काही. त्याला फक्त एक गोष्ट हवी होती. विधेयकाला लीलंडचं नाव.

ही आमच्याकडची पद्धतच आहे. एखादी मुलगी तलावात बुडाली की तिच्या नावाने कुंपणाचा कायदा होतो. मेलेल्याच्या नावाविरुद्ध हात वर करायची कोणाची छाती होत नाही, आणि हे आमदारांना पक्कं माहीत असतं. पण घरच्यांच्या होकाराशिवाय नाव लावत नाहीत. तेवढी लाज अजून शिल्लक आहे.

कॉरिन कमी बोलणारी बाई. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाव देते. पण त्यात दुसऱ्या गाडीचं कलम हवं. प्रत्येक विभागात दोन गाड्या. दुसरी नसेल तर पहिलीने बाहेर पडायचं नाही."

मर्लने ते तिथल्या तिथे लिहून घेतलं. छातीवर हात ठेवून म्हणाला की हेच तर या विधेयकाचं काळीज आहे.

तो सगळा हिवाळा कॉरिन मर्लबरोबर फिरली. चर्चच्या तळघरांत, अग्निशमन दलाच्या पॅनकेकच्या न्याहारीला, शेतकऱ्यांच्या बैठकांना. लीलंडचा गणवेशातला फोटो मोठा करून तिकाटण्यावर ठेवायचे. तो फोटो त्याला मुळीच आवडायचा नाही, त्यात त्याचे कान फार दिसतात. कॉरिन त्या कानांशेजारी उभी राहून सांगायची की आमच्या रस्त्यांना माणसं हवीत, चांगली माणसं हवीत, तुमच्या घरातल्या मुलांना सांगा. बाया रडायच्या. मीही रडायचे, दर वेळी, न रडायचं ठरवलं तरी.

तिची मुलगी ब्रिटाही बरोबर यायची. बाप गेला तेव्हा ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. अंत्यविधीला म्हणून आली ती परत गेलीच नाही. गावातल्या टायरच्या दुकानात कामाला लागली. या कार्यक्रमांत ती खुर्च्या मांडायची, उचलायची, आणि मधल्या वेळात मागे भिंतीला टेकून ऐकत राहायची. विधेयकात काय बदललं, कुठवर आलं, हे मला सारखं विचारायची. मला वाटलं, बापाचं दुःख आहे, दुसऱ्या कुठल्या वाटेने बाहेर पडणार.

मार्चमधल्या एका रविवारी चर्चनंतर सगळे माझ्या घरी जेवायला होते. मी हॅम कापत होते तेवढ्यात मर्लचा फोन आला. कॉरिनने तो स्पीकरवर टाकला. त्याचं म्हणणं असं की विधिमंडळाच्या हिशेबवाल्यांनी दुसऱ्या गाडीच्या कलमाला नकार दिलाय. एवढी माणसंच नाहीत. ते कलम ठेवलं तर आहेत त्या गाड्याही घरी बसतील आणि विधेयक समितीतच मरेल. म्हणून त्याने ते काढलं होतं. त्याऐवजी भरती सोपी व्हावी म्हणून कॉलेजची अट रद्द केली होती. गुरुवारी समितीपुढे सुनावणी होती.

"मग लीलंडच्या नावाखाली राहिलं काय?" कॉरिनने विचारलं.

"भरती राहिली. कॉरिन, आधी माणसं येऊ द्या. माणसं आली की दुसरी गाडी आपोआप येईल."

"आणि तोपर्यंत?"

 "तोपर्यंत आज आहे तसंच," तो म्हणाला.

खोटं सांगता येत नव्हतं असं नाही. तो खरं बोलला, एवढं मी त्याच्या पदरात टाकते. कॉरिनने फोन ठेवला आणि म्हणाली की गुरुवारी आपण राजधानीला जायचं आणि नाव परत घ्यायचं. मर्लनेच तिला मागे सांगितलं होतं की या नावाशिवाय विधेयकाला कोणी विचारणार नाही. म्हणजे ते पडेल. पडू दे, ती म्हणाली.

ब्रिटा सिंकपाशी ताटल्या धूत होती. तिने नळ बंद केला. "आई, नाव परत घेऊ नकोस."

"का?"

"कॉलेजची अट गेली तर मला घेतील."

मी सुरी खाली ठेवली. कॉरिनला आधी कळलंच नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. ब्रिटा सांगत गेली. ती हायवे पोलिसांच्या कॅप्टन ओबरमायरना भेटून आली होती. पळण्याची चाचणी दिली होती, नेमबाजीची दिली होती. फक्त कॉलेज आडवं येत होतं. कायदा झाला की पुढच्या तुकडीत घेतो, असं कॅप्टन म्हणाले होते.

"तुझा बाप तिथे मेला," कॉरिन म्हणाली.

"बाबा एकटा होता म्हणून मेला. माणसं नव्हती म्हणून. तूच सांगत फिरतेस ना सगळीकडे? मग माणसं येणार कुठून, आई? सगळ्यांच्या आया नको म्हणाल्या तर?"

"सगळ्यांच्या आयांचं मला सांगू नकोस. मी एकीचीच आई आहे."

ब्रिटा ओल्या हातांनीच बाहेर निघून गेली. कॉरिन खुर्चीवर बसली ती हॅम गार होऊन गेलं तरी उठली नाही. हिवाळाभर ती गावोगाव लोकांची पोरं मागत फिरली होती, आणि मागे भिंतीला टेकून तिची स्वतःचीच पोर ते ऐकत होती. हे आमच्या दोघींपैकी एकीच्याही ध्यानात आलं नव्हतं. मला त्या दिवशी कॉरिनची कीव आली आणि ब्रिटाचीही आली, आणि दोघींना एकाच वेळी कसं जवळ घ्यायचं ते सुचेना.

गुरुवारी माझ्याच गाडीतून तिघी गेलो. ब्रिटा मागे बसली, आई पुढे. वाटेत पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा ब्रिटाने तिघींसाठी कॉफी आणली, आईच्या कॉफीत आठवणीने साय घालून आणली. कॉरिनने ती प्यायली. भांडण होतं पण अबोला धरायची आमच्या घराण्यात ऐपत नाही, आता उरलोच आम्ही तिघी.

सुनावणीच्या दालनाबाहेर एका टेबलावर नाव नोंदवायचं असतं, आणि तुम्ही विधेयकाच्या बाजूने की विरुद्ध तेही सांगायचं असतं. कॉरिनने विरुद्ध लिहिलं. तेच पेन घेऊन ब्रिटाने बाजूने लिहिलं. टेबलावरच्या बाईने दोन्ही आडनावं वाचली आणि हळूच विचारलं की काही चुकलं तर नाही ना. मी म्हटलं, चुकलंय, पण तुमच्याकडून नाही.

आत गणवेशातले पोलीस भिंतीला लागून उभे होते, टोप्या काखेत धरून. तिकाटण्यावर लीलंडचा फोटो होता. मर्ल बोलला, एक शेरीफ बोलला, मग ब्रिटाचं नाव पुकारलं. ती माइकपाशी बसली. टायरच्या दुकानातला काळा रंग तिच्या नखांत होता, कितीही घासलं तरी तो जात नाही.

"माझ्या बाबाच्या मागे गाडी नव्हती," ती म्हणाली. "मला ती मागची गाडी व्हायचंय. मला बोनस नको. कॉलेज मला जमलं नाही, पण हा रस्ता मला पाठ आहे. अट काढा, मी उद्या येते."

एवढंच बोलली. समितीतल्या एका म्हाताऱ्या आमदाराने चष्मा काढून डोळे पुसले. मागे उभ्या पोलिसांपैकी कोणीतरी नाक ओढलं. मला काय वाटलं सांगू? मला तिचा अभिमान वाटला. ऊर भरून आला. आणि त्याच क्षणी मला कळलं की आता ही पोर मागे फिरणार नाही.

मग कॉरिनला बोलावलं. तिने कागद नेला नव्हता.

"हे माझ्या नवऱ्याचं नाव आहे," ती म्हणाली. "मी ते एका अटीवर दिलं होतं. तुम्ही अट काढलीत, तर नाव परत द्या. माझी मुलगी आत्ता म्हणाली की तिला मागची गाडी व्हायचंय. तुमच्या या कायद्याने ती पुढची गाडी होईल. तिच्या मागे कोण उभं राहणार, ते मला सांगा. मी ऐकायला आले आहे."

 टेबलावरचा लाल दिवा लागला. समितीच्या अध्यक्ष बाई फार हळुवार आवाजात म्हणाल्या की वेळ संपली, आणि आम्ही सर्व तुमच्या दुःखात आहोत. मर्ल उभा राहिला आणि कुटुंबाच्या भावनांचा मान राखून नाव मागे घेतो म्हणाला. एका कारकुनाने फोटो उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवला. कॉरिन परत येऊन शेजारी बसली तेव्हा मी तिचा हात दाबला. आम्हाला वाटलं, विधेयक पडलं.

ते एकमताने मंजूर झालं. जिवंत पोर समोर बसलेली असताना मेलेल्या बापाची त्यांना आता गरजच उरली नव्हती. बाहेर आल्यावर मर्लने ब्रिटाच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला. मी त्याला बाजूला घेऊन, बसमध्ये असताना मी त्याला ज्या नावाने हाक मारायचे त्याच नावाने हाक मारली. तो लाल झाला. पण फोटो छापून आला.

कायदा झाला आणि त्याने आपलं काम केलं. लवकर पेन्शनचं कलम होतं ना, जुन्या माणसांनी टिकावं म्हणून? ते लागू झालं त्याच महिन्यात डेल ऑस्टगार्डने पेन्शन घेतली आणि ॲरिझोनाला निघून गेला. त्याला दोष देत नाही. त्याचे गुडघे गेले होते आणि त्याने एकट्याने खूप रस्ता ओढला होता. पण राजधानीतल्या एवढ्या शहाण्यांपैकी एकालाही हे आधी दिसू नये, याचं मला अजून नवल वाटतं.

ब्रिटाची तुकडी पुढच्या शरद ऋतूत बाहेर पडली. त्या दिवशी घरचं माणूस पुढे जाऊन छातीवर बिल्ला लावतं, बहुतेक आईच. कॉरिन आली नाही. ब्रिटाने विचारलंही नाही, फक्त मला म्हणाली, "आत्या, तू लाव."  टाचणी तिच्या शर्टातून आत टोचली, पण ती हलली नाही. बिल्ला लागला. पोर देखणी दिसत होती.

नंतर कॅप्टन ओबरमायर भेटले. सज्जन माणूस. म्हणाले, बोनसमुळे तुकडी बरी भरली, पण बहुतेकांनी शहराजवळचे रस्ते मागितले. "ब्रिटाने मात्र स्वतःहून तुमचा विभाग मागितला. ती नसती तर आम्हाला तो बंदच करावा लागला असता."

"तिच्या जोडीला कोण?" मी विचारलं.

त्यांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "सध्या तीच आहे, मॅडम. जाहिरात दिलेली आहे."

मी घरी न जाता सरळ कॉरिनकडे गेले. ती दार उघडूनच उभी होती. समारंभ कसा झाला, ब्रिटा कशी दिसत होती, काही विचारलं नाही. "दुसरं कोण आहे?" एवढंच विचारलं.

लग्न होऊन ती आमच्या घरात आली तेव्हापासून मी तिच्याशी कधी खोटं बोलले नाही. म्हणाले, कोणी नाही. तिने मान हलवली. मग विचारलं, पाळी कुठली. मी म्हटलं, दुपारची.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर पेट्रोल पंपावरची बाई मला सहज म्हणाली की कॉरिन हल्ली रोज टाकी भरते, कुठे लांब जाते का. मला काही माहीत नव्हतं. दोन-तीन दिवस मी गप्प राहिले. मग एका दुपारी, बारीक हिम उडायला लागलं तेव्हा, मला राहवेना. गाडी काढली आणि हायवेने पश्चिमेला निघाले.

एलिव्हेटर मागे पडल्यावर थोड्या वेळाने मला दिवे दिसले. आधी पिवळे, उघडझाप करणारे. ते कॉरिनच्या जुन्या गाडीचे होते. ती रस्त्याच्या कडेला उभी होती आणि कॉरिन आत बसली होती. अंगात एलिव्हेटरवरचं नारिंगी जाकीट, शेजारच्या सीटवर थर्मास. तिच्या बऱ्याच पुढे पोलिसांचे लाल-निळे दिवे होते. त्याच्याही पुढे एक ट्रेलर घसरून खड्ड्यात गेलेला, आणि ब्रिटा त्याच्या चालकाशी बोलत होती. मी कॉरिनच्या मागे गाडी लावली आणि माझेही दिवे लावले. ते मुद्दाम केलं असं नाही, हात आपोआप गेला.

काम आटोपून ब्रिटा आमच्याकडे चालत आली. वाऱ्याने तिला तिरकं व्हायला होत होतं. ती आईच्या खिडकीशी वाकली. मी उतरून जवळ गेले तेव्हा तिचा आवाज चढलेला होता.

"आई, किती वेळा सांगितलं? हे चालत नाही. मी तुला दंड करू शकते."

"कर," कॉरिन म्हणाली.

"घरी जा."

"दुसरी गाडी आली की जाते."

ब्रिटाने माझ्याकडे बघितलं. आत्या, हिला घेऊन जा, असंच त्या बघण्यात होतं. मी तोंड उघडलंही. पण कॉरिनकडे पाहिलं आणि माझ्याच्याने बोलवेना. काय म्हणणार होते? की तुझं काम दुसरं कोणी करील? राजधानीत कॉरिनने विचारलेल्या प्रश्नाला त्या दिवशी कोणी उत्तर दिलं नव्हतं, आणि इथे ती स्वतःच उत्तर होऊन गोठत बसली होती. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि त्या वाऱ्यात ते गालावर गार झालं.

 ब्रिटाने बाहीने नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसंच.

"निदान आणखी कडेला घे," ती आईला म्हणाली. "आणि पट्टा काढू नकोस."

कॉरिनने गाडी आणखी कडेला घेतली. रेडिओवर काहीतरी आलं, ब्रिटा पळत आपल्या गाडीकडे गेली आणि निघाली. कॉरिनने आरशात मागे बघितलं, हात वर करून मला थांबायची खूण केली, आणि बेताचं अंतर ठेवून तिच्या मागोमाग गेली.

जाहिरात अजून चालू आहे. चर्चच्या फळ्यावरही लावली आहे, तिच्यावर ब्रिटाचा फोटो आहे. आमच्या विभागासाठी कोणी आलेलं नाही. कॉरिनला मंगळवारी आणि शनिवारी एलिव्हेटरवर उशिरापर्यंत थांबावं लागतं. त्या दोन दिवशी मी जाते.